दत्ताचा दम

आम्ही दवाखान्यातली माणसं जेवायला बसलो की डब्यांच्या आधी किस्से उघडतात. आमचा विभाग कान-नाक-घशाचा, निम्म्या पेशंटांना बोलता येत नाही, तरी सगळ्यात जास्त किस्से आमच्याकडेच! मी कराडच्या एका दवाखान्यात भूल देणारी डॉक्टर. आमचे सर सर्जन. हात सोन्याचा, पण चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. हे किस्से दत्ता ॲडमिट होता तेव्हाचे.

*

दत्ता रहिमतपूरकडचा कबड्डीपटू. सामन्यात समोरच्या गड्याचं कोपर थेट गळ्यावर बसलं. आला तो आपल्या पायांनी, आवाज मात्र पार बसलेला. बरोबर अख्खा संघ, जर्सीतच! मागोमाग आई आली. पोराकडे बघून म्हणाली, "काय न्हाई झालं. उलट गाल भरल्यात बघा!"

सरांनी त्याच्या मानेवर बोट दाबलं. कातडीखाली कुरमुऱ्यांसारखं कुरकुरलं. श्वासनळी फाटली होती आणि हवा कातडीखाली शिरून मान, गाल फुगवत होती.

"आई, हे बाळसं नाही, हवा आहे," म्हणत सर स्वतः स्ट्रेचर ढकलत थिएटरकडे पळाले. सरांना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं!

*

अशा पेशंटला एकदम भूल दिली तर श्वास हातचा जायचा. म्हणून जागेपणीच दुर्बीण आत घालायची. मी दत्ताच्या उशाशी उभी राहून धीर देत होते, "अजिबात घाबरायचं नाही हं."

तो कुजबुजला, "मॅडम, हात तर तुमचा कापाय लागलाय!"

सरांनी फाटलेली नळी शिवली. खाली गळ्यात भोक पाडून श्वासासाठी दुसरी नळी बसवली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

*

शेजारच्या खाटेवर रिटायर सुभेदार. मोटारसायकलवरून जाताना उसाच्या ट्रॉलीचा लोंबता दोर गळ्याला लागलेला. त्यांच्याही गळ्यात नळी. बोलायचं तर नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं, हे सिस्टरनी शिकवलं. सुभेदारांनी बोट ठेवलं. "चहा पाठवा. ओव्हर!" आणि बोट काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको खाटेजवळ उभी राहून सांगत होती, "दूध नासलंय. कोरा चालंल का? ओव्हर!"

*

दत्ताचा संघ भेटायला आला तो मैदानातली माती पुडीत घेऊन. चढाईला जाताना तळहाताला चोळायची ती. कॅप्टन म्हणाला, "सिस्टर, जरा गळ्याला लावतो. ह्या मातीनं कवा जखम चिघळली न्हाई."

सिस्टरनी पुडी जप्त केली. "टाक्यांवर माती? आधी माझ्यावर टाका, मग त्याच्यावर!"

ते गेल्यावर दत्ताने नळीवर बोट ठेवून सरांना विचारलं, "खेळाय मिळंल?"

"आधी श्वास. मग बघू."

त्या रात्री तो जेवला नाही. मला फार वाईट वाटलं, पण खोटी आशा कशी लावणार?

*

पुढे यथावकाश नळी निघाली, भोक बुजलं. बऱ्याच महिन्यांनी दत्ता आईबरोबर तपासणीला आला. सरांनी दुर्बिणीतून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि म्हणाले, "दीर्घ श्वास घे. एका दमात जमेल तितकं बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

दत्ता दारापाशी गेला. फरशीची एक रेघ बघून उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि वाकला. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

मी शिट्टीसारखा आवाज येतो का, घरघर होते का, म्हणून कान लावून होते. काही नाही! स्वच्छ, मोकळा आवाज. माझे डोळे भरून आले. तो टेबलाला वळसा घालून गेला, सरांच्या खांद्याला हात लावला आणि त्याच दमात रेघेपर्यंत परत!

"सर, तुमी बाद!"

"आरं मुडद्या, डॉक्टर हायत ते!" आई ओरडली.

सरांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. उठले, आणि गपचूप बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. रांगेतले पेशंट बघतच राहिले.

मी मागे धावले. "सर, आत चला ना! पुढचा पेशंट थांबलाय."

"मी कसा येऊ?" सर म्हणाले. "आधी तुम्ही त्यांचा एक गडी बाद करा!"