दोन्ही दारांवर नाव

गुढियारीतले आमचे शेजारी रेल्वेत नोकरीला होते आणि सुट्टी काढून मोटारींच्या शर्यतीत उतरायचे. राज्य नवीन झालं, आमचं शहर राजधानी झालं, भोवती लोखंडाचे कारखाने वाढले, आणि त्यातल्या एकानं त्यांच्या जुन्या गाडीला टायर दिले. बदल्यात गाडी पांढरीशुभ्र झाली, दोन्ही दारांवर कारखान्याचं नाव आलं आणि नावाशेजारी एक हिरवं पान.

रोज सकाळी ते आधी नाव पुसायचे, मग काच. वाक्यागणिक ‘हव ना?’ विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा फडकं फिरवायचे. “स्पॉन्सर नसला तर आपल्याले कोण विचारते भाऊ, हव ना?”

त्याच कारखान्याची काजळी आमच्या पाऱ्यावर, सगळ्या वस्तीवर पडायची. एका दुपारी मी त्यांच्यासोबत गाडीपाशी असताना माझी आई दोरीवरची चादर घेऊन त्यांच्या फाटकाशी आली आणि त्यांना दाखवू लागली. “पाय रे भैया, सकाळीच धुतली होती. कशी काळी झाली!”

तिचं गाडीकडे लक्षही नव्हतं. मी मात्र दाराकडे पाहिलं, आणि ते त्यांना दिसलं. ते हळूच सरकले आणि नावावर पाठ टेकून उभे राहिले. आई आत जाईपर्यंत हलले नाहीत. ‘हव ना’ एकदाही म्हणाले नाहीत.

मग ते घराकडे वळले. शर्टाची पाठ काळी झाली होती. सांगायला मी तोंड उघडलं, आणि आठवलं, माझ्या डोक्यावर त्यांनीच शर्यतीत वाटलेली, त्याच नावाची टोपी होती.