मामांच्या पंगतीतले लावे

माझ्या नावापुढे पदवी लागली ती वडूजजवळच्या माझ्या मामांमुळे, आणि पुढची पदवी लांबली तीही त्यांच्यामुळेच. इतक्या मायेने दुसऱ्याचा जीव खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मामांचा जन्म मेंढरांमागे गेला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी कळप विकला आणि शेडमध्ये जपानी लावे पाळले. पण वागवतात मेंढरांसारखंच. "पाखरं किती आहेत?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हायती की शेडभर." जित्राब मोजलं की त्याला नजर लागते, अशी त्यांची खात्री आहे. खाद्याचं नवं पोतं आलं की पहिली चिमूट स्वतःच्या तोंडात. "आपल्या जिभंला रुचत न्हाई ते मुक्या जीवाला कशापायी घालायचं?" आणि फोनवर ते दुसऱ्याला बोलूच देत नाहीत. खुशाली स्वतःच विचारतात, उत्तरही स्वतःच देतात आणि "बरं हाय, ठिवतो" म्हणून मोकळे होतात.

असा माणूस मी माझ्या प्रबंधासाठी निवडला! विषय साधा होता. खाद्यात यीस्ट मिसळलं तर लाव्यांचं पोट चांगलं राहतं, खाल्लेलं अंगी लागतं आणि वाढ चांगली होते, असं म्हणतात, ते तपासायचं. एका कप्प्यातल्या पिलांना यीस्टचं खाद्य, शेजारच्यांना साधं, आणि दर आठवड्याला वजन. मामांनी 'यीस्ट' ऐकलं ते 'इष्ट'. "नाव झ्याक हाय गड्या," म्हणत त्यांनी चिमूट चाखली. मामी म्हणाल्या, "आवं, शेडात गुत्त्यावानी वास सुटलाय. उद्या लोकं तुमालाच हुंगत येतील!" मी काट्यावर पाखरू ठेवलं की मामा पाठ फिरवून 'थू थू' करत उभे राहायचे.

तेही सोसलं. पण आठवड्यामागून आठवडे गेले तरी दोन्ही कप्प्यांची वजनं सारखीच. मी काटा बदलला, तरी तेच. मार्गदर्शक सर म्हणाले, "फरकच नाही, तर यीस्टचा उपयोग नाही असं लिहून टाक." मन मानेना. दोन्हीकडची पाखरं चांगली गुबगुबीत दिसत होती. एके दिवशी न कळवता पहिल्या एसटीने गेलो. मामा यीस्टच्या खाद्याचं घमेलं घेऊन साध्या कप्प्यापुढे बसले होते आणि मुठीमुठीने वाढत होते.

"आवं मामा! ह्यास्नी साधं द्यायचं ठरलं हुतं न्हवं?"

"व्हय. ते बी देतो की."

"मग ह्ये?"

"ह्ये वरनं."

मी कपाळावर हात मारला. "आवं, एकाला दिलं आन् दुसऱ्याला न्हाई, तवाच फरक कळतोय!"

"फरक त्यास्नी बी कळतोय रं. मधी नुसती जाळी हाय. शेजारी इष्ट खातोय, मग ह्यांनी काय अनिष्ट खायाचं? एका पंगतीला दोन तऱ्हेचं वाढलं तर पाप लागतं."

"पाप न्हाई, प्रयोग म्हंत्यात त्याला!"

"मग त्यो दुसऱ्याच्या घरात कर."

दारातून मामी म्हणाल्या, "पैल्या दिसापास्नं घालत्यात. मी म्हनलं, भाच्याला सांगा. तर म्हनले, कशाला उगं त्याला वाईट वाटून द्यायचं?"

सगळी मेहनत मातीत गेली. पलूसला कॉलेजजवळच्या माझ्या खोलीवर येईपर्यंत मी चडफडत होतो. फोनवर त्यांनी बोलू दिलंच नसतं, म्हणून दोन दिवसांनी, जरा निवल्यावर, पत्र पाठवलं. मामी वाचून दाखवतात.

"ती. मामांस, सा. न.

प्रयोग पुन्हा करावा लागेल. सरांना खरं ते सांगितलं. आधी रागावले, मग बराच वेळ हसले. या खेपेला पाखरं इथे पलूसला ठेवणार आहे. तुम्ही मुळीच यायचं नाही; आलात तर शेडबाहेर बसायचं. ज्यांना यीस्ट नाही त्यांनाही पोटभर खाद्य आहे, काळजी नसावी.

त्या दिवशी चिडलो ते मनावर घेऊ नका. आई मला तुमच्याकडे ठेवून ऊसतोडीला गेली, तेव्हा शेळीचं दूध एकाच पोराला पुरेल एवढं असायचं. तुम्ही त्यात पाणी घालून आम्हा तिघांना सारखं वाटलंत. तेव्हा कोणी आम्हाला काट्यावर घातलं असतं, तर भाचा कोणता आणि घरची पोरं कोणती, ते त्यालाही कळलं नसतं.

प्रयोग संपला की मधली जाळी काढून टाकतो.

तुमच्याच पंगतीत वाढलेला,
तुमचा भाचा"