अक्कल चार, ताकद सतरा

वळसंगच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, उघडून बघितली आणि परत दिली. आत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी, तिनंच सकाळी बांधलेली. काय बघत होती कोण जाणे. मग कन्नडमध्ये म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. आमच्यात बाजारला निघालेल्या माणसालाही एवढंच म्हणतात. अमेरिकेला निघालेल्या पोरीसाठी तिनं वेगळं काही काढलं नाही. मी मात्र खिडकीत बसून सोलापूर येईपर्यंत हमसून हमसून रडले. अप्पा शेजारी बसून कंडक्टरशी ज्वारीबद्दल बोलत होते.

सत्त्याहत्तर साल होतं ते. मी सोलापुरात शिकले, वनस्पतिशास्त्रात पहिली आले, आणि तिकडच्या एका विद्यापीठानं बोलावलं. कॉलेजच्या पोरांना प्रयोग शिकवायचे आणि त्यावर आपलं पीएच.डी. करायचं, असा व्यवहार. घरात आधी महिनाभर कलकलाट झाला. शेवटी काकांनी सगळ्यांसमोर अप्पांना सुनावलं, "पोरगी हाय ती. सा महिन्यांत रडत परत यील बघ. मग धाकटीला कोन धाडनार?"

अप्पा म्हणाले, "आणि न्हाय आली तर?"

"न्हाय आली तर धाड की गौराला पुन्याला. मी तोंड उघडनार न्हाय."

गौरा माझी धाकटी बहीण. तिला पुण्याला जाऊन इंजिनिअर व्हायचं होतं. दाराआड उभी राहून तिनं हे सगळं ऐकलं. म्हणजे मी विमानात बसले ती एकटी नाही. माझ्या पायाला गौराचा पाय बांधलेला होता, आणि मी पडले तर ती पडणार होती.

तिकडं गेले आणि मुकी झाले हो! वळसंगच्या शाळेत बाईंच्या आधी उत्तर देणारी मी, वाचाळ म्हणून अव्वाचे धपाटे खाल्लेली मी. माझं इंग्रजी पुस्तकातलं. वाक्य डोक्यात जुळवायचं, काळ तपासायचा, मधे 'अ' घालू की 'द' घालू ते ठरवायचं, आणि तोंड उघडेपर्यंत बोलणं भलतीकडंच गेलेलं असायचं. प्रयोगशाळेत वीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मी फळ्यावर लिहून दाखवायची. एक पोरगी तर मला हळू आवाजात विचारायची, तुम्हाला बरं नाही का. घसा ठीक आहे एवढं सांगायलाही मला वाक्य जुळवावं लागायचं.

आमचे प्राध्यापक भला माणूस. त्यांनी खोलीत बोलावून खुर्ची दिली, कॉफी दिली आणि सांगितलं की सत्र संपायच्या आधी एकदा ते माझ्या वर्गात मागं येऊन बसतील. जमलं तर पुढं चालू. नाहीतर... आणि पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत. मी खोलीवर आले आणि काकांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. घरी यातलं काहीही कळवलं नाही.

माझ्या खोलीत एलेन नावाची मुलगी होती. शनिवारी दुपारी ती इमारतीच्या तळघरात जायची, कपडे वाळवायच्या यंत्रांशेजारी. तिथं ऊब असायची, म्हणून तिचे मित्र तिथंच टेबल टाकून कसला तरी खेळ खेळायचे. एक दिवस ती मला ओढतच घेऊन गेली. गणिताचा वॉल्टर नावाचा लांबोडका पोरगा गोष्ट सांगायचा, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कुणी जादूगार, कुणी चोर. पण आपण कोण, हे आपल्या मनावर नाही. तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, ती आपली ताकद. पुन्हा तीन फासे, ती अक्कल. मग शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि शेवटी लोकांवर पडणारी छाप. तिनाच्या खाली नाही, अठराच्या वर नाही. असं सहा वेळा टाकलं की माणूस तयार!

मी टाकले. ताकद सतरा. सगळे ओरडले, वा! मग अक्कल. एक, एक, दोन. चार!

वॉल्टर कनवाळूपणानं म्हणाला, "तू पहिल्यांदाच खेळतेस. पुन्हा टाक, चालेल."

मी मान हलवली. पंचमीला आम्ही बाया अंगणात पट आखून चिंचोके टाकायचो. कुणी रडीचा डाव खेळली की अव्वा चिंचोके उचलून घ्यायची आणि म्हणायची, "पडलं ते पडलं की. पोरखेळ हाय व्हय?" ते अंगात मुरलेलं. शिवाय 'पुन्हा टाकते' हे इंग्रजीत सांगण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं. छाप आली सहा. म्हणजे बाई रेड्यासारखी दांडगी, डोकं रिकामं आणि दिसायला-बोलायला धड नाही. मी तिचं नाव ठेवलं भीमव्वा.

खेळ सुरू झाला. आम्ही एका पुलापाशी पोचलो. पुलावरचा राखणदार चांदी मागत होता. वॉल्टरनं मला विचारलं, भीमव्वा काय म्हणते? मी नेहमीसारखी वाक्य जुळवायला बसले. तो थांबला, मग हसून म्हणाला, "अगं, तिची अक्कल चार आहे. तिला व्याकरण कुठून येणार? ती बोलेल तसं बोल."

काय सांगू तुम्हाला! कुणीतरी मानेवरचं जोखड काढून घेतल्यासारखं झालं. मी टेबलावर हात आपटला आणि सोलापूरच्या मंगळवार बाजारात अव्वा वांग्यांचा भाव करते त्या आवाजात म्हणाले, "यू सिल्व्हर वॉन्ट? फॉर धिस? ब्रिज रॉटन! आय जंप, ब्रिज ब्रेक. देन यू व्हेअर?"

राखणदार झालेला वॉल्टर हसता हसता खुर्चीवरून घसरला. आम्ही फुकट पूल ओलांडला. आणि महत्त्वाचं म्हणजे, चुकलं म्हणून एकाचाही चेहरा बदलला नाही. उलट एलेन म्हणाली, अजून बोल ना. तीन महिन्यांत मी पहिल्यांदाच पोट दुखेपर्यंत हसले. त्यानंतर मी एकही शनिवार चुकवला नाही. भीमव्वा भांडायची, समजूत घालायची, कन्नडमधून शिव्या द्यायची. मी खोलीवर आले तरी तिचं तोंड चालूच असायचं.

मग तो दिवस आला. प्राध्यापक येऊन मागच्या बाकावर बसले. कांद्याच्या मुळाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली होतं आणि मी पोरांना पेशी कशी दुभंगते ते समजावून द्यायचं होतं. चार रात्री पाठ केलेलं पहिलं वाक्य आलं आणि दुसरं गेलं. गेलं म्हणजे गेलंच. वीस पोरं, मागं प्राध्यापक, आणि मला दिसत होती ती दाराआड उभी असलेली गौरा. मनात म्हटलं, आता माझी अक्कल चालत नाही, भीमव्वा, तूच बघ.

"लुक," मी म्हणाले. "नॉट धिस. नॉट धिस. धिस! फॅट वन. व्हाय फॅट?"

मग पहिल्या बाकावरची तीच हळू बोलणारी पोरगी म्हणाली, कारण तिची आता दोन होणार आहेत.

"येस! हाऊ यू नो? शो!"

तिनं दाखवलं. दुसऱ्यानं तिला खोडून काढलं. दोघं भांडायला लागले, मी मधे पडले, आणि बघता बघता सगळा वर्ग सूक्ष्मदर्शकांवर वाकला. तास संपल्याचं कुणाला कळलं नाही. प्राध्यापक उठून आले आणि म्हणाले, "तुमचं व्याकरण भयंकर आहे. पुढच्या सत्रात दोन वर्ग घ्या." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ते रडणं एसटीतल्या रडण्यासारखं नव्हतं, एवढं नक्की.

घरी कळवलं, "माझं इथं जमलं." जूनमध्ये अप्पा स्वतः गौराची ट्रंक उचलून तिला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडून आले. काकांनी शब्द पाळला, तोंड उघडलं नाही. त्यांच्याबद्दलही माझ्या मनात आज राग नाही.

माझं इंग्रजी हळूहळू सरळ झालं. वॉल्टर म्हणाला, आता तिची अक्कल वाढवू या का? मी म्हटलं, हात लावायचा नाही तिला. दोन वर्षं जगली ती. शेवटी एका कोसळत्या दगडी दाराला खांदा देऊन उभी राहिली, बाकीचे सगळे खालून निसटले, आणि ती राहिली. एलेन आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, कपडे वाळवायला आलेली माणसं बघत राहिली. अव्वा-अप्पांनंतर माझ्यावर कुणाचे उपकार असतील तर ते त्या तळघरातल्या चार-पाच पोरांचे. बोलता येत नसलेल्या परक्या पोरीला त्यांनी खुर्ची दिली.

मी तिकडंच राहिले. लग्न, मुलं, घर, सगळं तिकडं. अव्वा गेली, अप्पा गेले. वळसंग आता माझ्यासाठी गौराचा फोन. मधे गौरा नोकरीतून निवृत्त झाली. आयुष्यभर कालवे आणि पाट बांधले तिनं. निरोपाच्या भाषणात म्हणाली, माझी ताई फार हुशार, तिच्या हुशारीमुळं मला पुणं बघायला मिळालं. फोनवर तिनं ते मला वाचून दाखवलं तेव्हा मला राहवेना. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. प्राध्यापकांचं न बोललेलं वाक्य, फासे, पूल, फॅट वन, सगळं.

सांगून झाल्यावर मला वाटलं, लागलं की काय हिला.

मग तिनं विचारलं, "म्हंजे मी त्या अक्कल चारवालीच्या जिवावर इंजिनिअर झाले व्हय?"

"व्हय."

"आणि ती दाराखाली मेली?"

"व्हय गं."

गौरानं नाक ओढलं. म्हणाली, "पुढच्या खेपेला येशील तेव्हा तिचं सगळं नीट सांग मला. नातवंडांनाबी बसवते. आपल्याच घरातली बाई हाय, आणि हितं कुणाला ठावंबी न्हाय."