तळासरीत पियानो कोण शिकतं?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर देत नाही, किस्सा सांगते. एक सांगितला की समोरचा खुर्ची पुढे ओढतो, मग त्यातून दुसरा निघतो. ऐकणारे हसतात. त्या त्या वेळी मात्र मी हसत नव्हते.

डहाणूला माझ्या घरी एक जुना पियानो आहे. तिथे मी क्लास घ्यायचे आणि आठवड्यातून दोनदा तळासरीच्या एका शाळेत शिकवायला जायचे. २०१४ साली त्या शाळेत मुलं अकरा आणि कीबोर्ड एक. म्हणून मी पुठ्ठ्यांवर खऱ्या मापाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या आणि प्रत्येकाला एकेक पुठ्ठा घरी दिला. "बोटं पुठ्ठ्यावर चालवा, आवाज मनात ऐका," एवढंच सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात सुनीता नावाच्या मुलीची आई मजुरी बुडवून शाळेत आली. चेहरा ओढलेला.

"बाई, पोरगी रोज पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसते. मान हलवते. हाक मारली तर ऐकत नाही. डॉक्टरला दाखवू का?"

मी सुनीताला कीबोर्डसमोर बसवलं. तोवर तिच्या वाट्याला तो जेमतेम दोनदा आला होता. पोरीने दोन्ही हातांनी अख्खी धून वाजवली, एकदाही न अडखळता.

आईने पुठ्ठा उचलून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मग घरी का नाय वाजत हा?"

*

ताल शिकवायला मी मासे वापरायचे. धाकटी डहाणू या किनाऱ्यावरच्या गावातली कोळ्यांची मुलं माझ्याकडे यायची, त्यांच्यासाठी ही युक्ती काढली होती. एका ठोक्यात एक स्वर म्हणजे 'घोळ'. दोन म्हणजे 'मासा'. तीन म्हणजे 'को-लं-बी'. चार म्हणजे 'सु-र-म-ई'. मुलं टाळ्या वाजवत म्हणायची आणि ताल पक्का बसायचा. मग तळासरीतही मी तेच सुरू केलं.

एक दिवस वर्ग रंगात आला असताना दारात तपासणीला आलेले साहेब उभे. मागे हेडसर, कपाळावर घाम. साहेबांचा उपास होता, हे आम्हाला सकाळीच कळलं होतं.

"हा संगीताचा तास आहे की मासळी बाजार?" साहेबांनी विचारलं.

हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं.

"काय रे, कोलंबी म्हणजे काय?"

तो ताठ उभा राहिला. "एका ठोक्यात तीन, सर."

*

२०१७च्या डिसेंबरात वादळाचा इशारा आला आणि सगळ्या बोटींना परत बोलावलं. धाकटी डहाणूच्या प्राचीच्या वडलांची बोट आली नव्हती. फोन लागत नव्हता. चार वाजता प्राची क्लासला हजर. तेरा वर्षांची पोर, डोळे सुजलेले.

"आईने पाठवलं. म्हणाली, घरात बसून रडू नको."

काय शिकवणार? मी म्हटलं, आज नुसती बस, मी वाजवते.

"नको बाई. सगळ्यात अवघड काय आहे ते द्या."

मी डाव्या हाताचा असा एक पाठ दिला, जो मी स्वतः टाळायचे. माझा मोबाइल पियानोवर ठेवला होता. ती वाजवत होती, चुकत होती, पहिल्यापासून सुरू करत होती. बाहेर वारा वाढत होता. दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा भलत्याच कोणाचा. दोन्ही वेळा तिचा हात पट्टीवर तसाच थांबला आणि मी नकारार्थी मान हलवल्यावर पुन्हा चालू झाला.

साडेपाचला तिच्या आईचा फोन आला. बोट उंबरगावला लागली होती. सगळे सुखरूप.

मी सांगितलं. प्राचीने हात मांडीवर ठेवले आणि एक लांब श्वास सोडला.

"बाई," ती म्हणाली, "आता सोपं काहीतरी द्या."

*

२०१८च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. आज एक, उद्या तीन. शाळा मांडवात भरायला लागली.

तळासरीची हेमलता दर रविवारी माझ्या घरी यायची. तिची मुंबईला पियानोची परीक्षा होती. एका रविवारी ती वाजवत असताना धक्का आला. कपाटातली भांडी खणखणली. मी "बाहेर!" म्हणून अंगणात धावले आणि वळून बघते तर मी एकटीच. आतून पियानो चालूच. परत आत गेले, तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं.

"कळत नाही का तुला?" मी ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना, परीक्षेत काहीही झालं तरी थांबायचं नाही."

मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या रविवारपासून मी शिकवण्याची पद्धतच बदलली. ती वाजवत असताना मध्येच मी जमिनीवर जोरात पाय आपटायचे. पाय आपटला की सूर अर्धा सोडायचा, शेजारी जो असेल त्याचा हात धरायचा आणि बाहेर उघड्यावर यायचं. दहा आठवडे आम्ही हे केलं. हेमलता शहाणी मुलगी. एकदाही चुकली नाही.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. हॉल तळमजल्यावर, समोर मोकळं आवार, पलीकडे रस्त्याचं खोदकाम. मी आवारात बाकावर बसून ऐकत होते. पहिली धून छान गेली. दुसरी निम्म्यावर आली आणि पलीकडे कसलं तरी अवजड मशीन सुरू झालं. माझ्या पायाखालची फरशी थरथरली.

आतला पियानो मध्येच थांबला.

मी उभी राहिले. दार उघडलं. हेमलता बाहेर आली. तिने परीक्षकांचं मनगट घट्ट धरलं होतं. उंच, पांढऱ्या केसांचे परदेशी गृहस्थ, हातात अजून पेन्सिल. ती त्यांना आवाराच्या मधोमध घेऊन आली, मान वर करून इमारतीकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना आणखी दोन पावलं पुढे नेलं.

"इथे उभे राहा, सर," ती मराठीत म्हणाली. "भिंतीपासून लांब."

ते उभे राहिले.