अक्काची करवंदाची जिन

आमच्या घरात दारू नव्हती आणि आप्पा दारू पीत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या गोदामात, तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीमागं, त्यांची बाटली असायची. आठवड्यातून एकदा-दोनदा ते वेलदोडा चघळत घरी यायचे. अव्वा, म्हणजे आमची आई, ‘आज लई गिऱ्हाईक होतं जणू’ एवढंच म्हणून ताट वाढायची. लिंगायताच्या घरात दारूचा थेंब येत नाही, यावर दोघांचाही पूर्ण विश्वास होता.

हे तोंडावर बोलून दाखवणारी घरात एकच होती, माझी थोरली बहीण, अक्का. नव्वदीची मधली वर्षं असतील. ती बारावी झाली होती आणि तिला गोव्याला जाऊन हॉटेलचा अभ्यासक्रम करायचा होता. हे खूळ तिच्या डोक्यात गल्लीतल्या एका मुलामुळं शिरलं. तो बोटीवर नोकरीला होता आणि सुट्टीवर आला की जगभरातल्या हॉटेलांच्या गोष्टी सांगायचा. जाताना त्यानं तिला कॉकटेलचं एक इंग्रजी पुस्तक दिलं. मुली लपवून कादंबऱ्या वाचायच्या त्या वयात आमची अक्का पेल्यांची चित्रं बघत बसायची. तिला प्यायचं नव्हतं. तिला करायचं होतं. एकात दुसरं मिसळलं की तिसरंच काहीतरी होतं, याचं तिला फार नवल होतं.

आप्पांना तिनं सरळ विचारलं. आप्पा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे मला त्या वयातही समजत होतं. अक्कालाही समजत होतं, पण तिनं ते मानायचं नाही असं ठरवलं असावं.

मे महिन्यात आजऱ्याच्या आत्यानं दरवर्षीप्रमाणं काजूबरोबर करवंदांची पाटी पाठवली. काळीभोर, पिकलेली, बोटांना चिकटणारी करवंदं. पुस्तकात एक चित्र होतं, उंच पेल्यात गडद लाल पेय, कडेला साखर आणि वर कसलीशी काळी फळं. ती फळं कोल्हापुरात कुणी पाहिली नव्हती. अक्का पाटीकडं बघत राहिली आणि त्या दिवशी आप्पा जेवत असताना म्हणाली, “आप्पा, गोदामात त्या पांढऱ्या दारूची बाटली पडलीया न्हवं? ती मला द्या.”

अव्वाच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. बाटली जिनची होती. गोव्याच्या एका व्यापाऱ्यानं आप्पांना भेट दिलेली आणि आप्पांच्या कुठल्याच मित्राला न आवडल्यामुळं धूळ खात पडलेली. दिसायला पाणी आणि प्यायला औषध, असं ते म्हणायचे.

“मी करून देतो ते प्या,” अक्का म्हणाली. आमच्याकडं बायकाही ‘करतो’, ‘जातो’च म्हणतात. “न्हाय आवडलं तर गोव्याचं नाव काढणार न्हाय. आवडलं तर मला पाठवायचं.”

आप्पा लाजले की चिडले ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीतून घरी आली, कागदात गुंडाळून.

स्वयंपाकघरात हे चालणार नव्हतं, म्हणून परसातल्या धुण्याच्या कट्ट्यावर सगळा संसार मांडला गेला. मी हाताखाली होते. करवंदं धुऊन, साखर घालून तिनं ती स्टोव्हवर शिजवली आणि आप्पांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळली. रस असा जांभळा निघाला की कट्ट्याचा डाग पुढं कित्येक पावसाळे गेला नाही. पुस्तकात हलवायला चकाकतं भांडं होतं. आमच्याकडं फिरकीचा तांब्या होता, प्रवासात पाणी न्यायचा. त्यात रस, जिन, लिंबू आणि बर्फ घालून तिनं फिरकी आवळली आणि खांद्याशी धरून असा काही हलवला की अव्वा खिडकीतून म्हणाली, “आगं, अंगात आलंय का तुझ्या?” मग ओल्या काठाचा पेला साखरेत उलटा बुडवायचा, ओतायचं, वर सोडा, आणि पुदिन्याचं पान. त्या तांब्यानं पुन्हा कधी पाणी प्यायलो नाही. अव्वानं तो जास्वंदीला पाणी घालायला काढला.

आप्पा आरामखुर्चीत बसले होते. पहिला घोट घेऊन, आमटीत तिखट कमी पडल्यासारखं म्हणाले, “जरा चटणी मार की ह्यात.”

“आप्पा, ह्यात चटणी नसती.”

त्यांनी दुसरा घोट घेतला. मग सगळा पेला संपवला आणि रिकामा पेला अक्कापुढं धरला. त्या हाताकडं बघून अक्काच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा तिच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. लग्नात नाही, पोरं झाली तेव्हाही नाही.

“लई भारी झालंय,” आप्पा म्हणाले. “चार माणसांस्नी दाखवू, मग ठरवू.”

आम्हाला वाटलं, ती चार माणसं गोव्याचं ठरवणार. अक्काला तर खात्रीच होती. रविवारी आप्पांचे चार व्यापारी मित्र येणार म्हणून तिनं दोन दिवस तयारी केली. शेजारून काचेचे पेले आणले, बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, भुशात गुंडाळून. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी जिन न घालता वेगळं केलं. ताटलीत साखर अशी पसरली की पेला टेकवला की काठाला नेमकी लागावी. हे पाहिल्यावर कुणी नाही म्हणणार नाही, असं ती मला सारखं सांगत होती, आणि मीही मान डोलावत होते.

चौघांपैकी एक कबनूरचे होते. त्यांचे कापडाचे माग होते, घर भरलेलं होतं, आणि माणूस खरोखर दिलदार होता. त्यांनी दोन पेले संपवले, तिसरा हातात घेतला आणि विचारलं, “हे केलं कुणी?”

“आमच्या थोरलीनं,” आप्पा म्हणाले. छाती अशी फुगली होती की विचारू नका.

“मग ही पोरगी आमच्या धाकट्याला द्या.”

आमच्याकडं पाहुण्यानं चारचौघांत तोंड उघडून मागितलं की ‘विचार करतो’ म्हणणं म्हणजे त्याला उठवून लावणं. आणि घरात आलेल्या माणसानं पोरीच्या हाताचं खाऊन-पिऊन तिला मागावं, यापेक्षा बापाचा मोठा मान कुठला? आप्पांनी पुढचा-मागचा विचार केला नाही. उजवा हात पुढं केला आणि म्हणाले, “दिली.” तोंड गोड करायला काहीतरी हवं होतं. पेढे आणायला वेळ नव्हता. समोर ताटलीत साखर होती. पेल्यांच्या काठासाठी पसरलेली ती साखर चिमटी-चिमटीनं चौघांच्या तोंडात गेली, आणि अक्काचं लग्न ठरलं.

ती दारातच उभी होती, नव्या पेल्यांचं तबक हातात घेऊन. मला वाटलं आता ती तबक आपटेल. तिच्या तोंडाचा पट्टा सगळ्या गल्लीला माहीत होता. तिनं तबक खाली ठेवलं, प्रत्येकाच्या हातात पेला दिला आणि परसात आली. तिथं तिनं सगळे उष्टे पेले एकेक करून विसळले. मी म्हटलं, “अक्का, बोल की आप्पांशी.” ती म्हणाली, “शब्द गेला न्हवं आता.”

पाहुणे गेल्यावर ती एकदाच बोलली. “आप्पा, आणि गोवा?”

आप्पांना खरंच कळलं नाही ती काय विचारते आहे. “आगं, आता गोवा कशाला? तुला चारचौघांत मागितलं त्यांनी. हॉटेलात वाढपी होऊन ह्याच्यापेक्षा काय मिळणार हुतं?” ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमानं बोलले. आपल्या पोरीच्या गुणाचं चीज झालं, असंच त्यांना वाटत होतं.

मला आजही याचा राग येतो आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही. तिनं चांगलं केलं हेच वाईट झालं. फळाचा रस नासला असता, जिन कडू लागली असती, तर आप्पांचा बघू निदान बघूच राहिला असता. मुलीच्या हातचं चांगलं ते घरासाठीच असतं, ते बाहेर नेऊन त्याचं काही होऊ शकतं, हे आमच्या कुणाच्या कल्पनेत नव्हतं. मी मात्र धडा घेतला. चहाशिवाय काही शिकले नाही, कुणापुढं काही करून दाखवलं नाही. चार वर्षांनी मला पुण्याला रसायनशास्त्र शिकायला जायचं होतं तेव्हा आप्पा म्हणाले, “जा. हिला घरातलं कुठं काय येतंय?”

अक्काचं वाईट झालं असं म्हणता येणार नाही. दाजी चांगले आहेत, सासूनं कधी वाकडा शब्द काढला नाही. कबनूरच्या घरात दिवसभर मागांचा खडखडाट असतो आणि त्यात मोठ्यानं बोलायची तिला सवय झाली. जिन तिनं पुन्हा हातात धरली नाही. दोन हजार सालानंतर पुण्यातल्या एका हॉटेलात मी तसलाच एक पेला मागवला. वर परदेशी बेऱ्या होत्या, चव पाणचट होती. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “लिंबू कमी पडलं आसंल,” आणि पोरांच्या परीक्षांवर बोलू लागली.

आप्पांनी मात्र ती गोष्ट सोडली नाही. कुणाच्याही लग्नात, बारशात, वास्तुशांतीला चार माणसं जमली की सुरू. “हुंडा न्हाय, पत्रिका न्हाय, एका पेल्यावर लगीन जमवलं बघा, पावणं.” चटणीचा विनोद, साखरेची ताटली, सगळं साभिनय. माणसं पोट धरून हसायची. अक्काही हसायची, मध्येच एखादा विसरलेला तपशील पुरवायची. आणि मीही हसायचे, कितीतरी वर्षं हसले, याचं मला आता वाईट वाटतं.

आप्पांच्या पंच्याहत्तरीला त्यांनी ती गोष्ट सभागृहात माईकवरून सांगितली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, “अक्का, तू हसतीस कशी गं दरवेळी? एकदा सांग की त्यांना, बास करा म्हणून.”

ती एका साडीची घडी घालत होती. ती पुरी करून म्हणाली, “आप्पांना माझं तेवढं एकच ठाऊक हाय. ते बी सांगू नका म्हणलो, तर त्यांच्या तोंडात माझं नाव कवा येणार?”

खालून आप्पांची हाक आली. कुणी नवे पाहुणे आले होते, आणि गोष्ट सांगायची तर गोष्टीतली पोरगी समोर हवी होती.

“आलो, आप्पा,” म्हणत अक्का जिना उतरली.