जास्तीचे तीन ह

बेरील माझ्याशी बोलताना माझ्या डाव्या कानाकडे बघायची. सुरुवातीचे काही दिवस मी घरी येऊन आरशात कान तपासत असे. मग एकदा तिनेच खुलासा केला. "डोळ्यांचं मधलं गेलंय, लव्ह. कडा तेवढ्या राहिल्यात. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडेच बघावं लागतं."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला एकेरीत लिहिताना माझा पुणेरी हात अडखळतो. पण सिडनीतल्या कॅसल हिलच्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांचीच बेरील होती. 'मिसेस' म्हटलं की ती मागे वळून बघायची, सासूबाई आल्या की काय म्हणून.

आम्ही शेजारी राहायला आलो त्याच आठवड्यात ती कुंपणाशी आली होती, हातात एक पाकीट घेऊन. "हे चुकून माझ्या पेटीत पडलं. तुझ्या भावाचं दिसतंय."

मला भाऊ नाही. पाकीट माझंच होतं. पण माझी बायको मुग्धा अंगणातून 'ऋषी, ऋषी' अशा हाका मारते, त्या आरपासून सुरू होतात, आणि पाकिटावरचा हृषीकेश सुरू होतो एचपासून. बेरीलने पाकीट डोळ्याच्या कडेला धरून विचारलं, "मग हा एच इथे काय करतोय?"

मी तिला संस्कृतातला हृ समजावून सांगितला. तो आम्ही लिहितो, पण घाईत कोणी म्हणत नाही, हेही सांगितलं. वर माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर कारकुनाने रुशिकेश लिहिलंय, पासपोर्टवर हृषीकेश आहे, आणि हे दोघं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करूनच मला व्हिसा मिळाला, हेही सांगून टाकलं. कुंपणाशी उभ्या असलेल्या बाईला कोणी इतकं सांगत नाही. मी सांगतो. ती मात्र हरखून ऐकत होती.

"म्हणजे कागदावर तुम्ही दोघं आहात!" ती म्हणाली. "अरे वा. चहाला ये."

त्या चहाला मी गेलो आणि तीन वर्षं तिथेच अडकलो.

तिच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असायचं. मधोमध टेबलाएवढा कागद, त्यावर वंशावळ. काही नावं शाईने लिहिलेली, काही पेन्सिलीने. नियम साधा होता: एकाच कागदात सापडलेला माणूस पेन्सिलीत. दुसऱ्या कागदाने साक्ष दिली की शाईत. "एक कागद म्हणजे अफवा, लव्ह," ती म्हणायची. "दोन कागद म्हणजे माणूस." मेलेल्यांविषयी ती नेहमी वर्तमानकाळात बोलायची. "जॉर्ज फार पितोय", "सारा पुन्हा बाळंत होतेय". एकदा माझी मुलगी ईरा बिस्किटांच्या आशेने माझ्याबरोबर आली होती. घरी जाताना तिने हळूच विचारलं, "डॅड, व्हेअर डू ऑल दीज पीपल स्लीप?"

कागदाच्या अगदी वरच्या टोकाला एक नाव कायम पेन्सिलीत होतं. हॅना हॅलन. बेरीलच्या पणजीची आई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही मुलगी इंग्लंडातल्या एका खेड्यातून एकटी बोटीने सिडनीला आली. बोट बंदराला लागली की अधिकारी एकेकाला समोर उभं करून विचारायचे आणि लिहून घ्यायचे. त्या यादीत हॅना होती: वय एकोणीस, काम घरकाम, वडील जोब, चांभार, आई हेस्थर, आणि गावाचं नाव. लिहिता-वाचता येत नाही. पण त्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत हॅना हॅलन नावाची मुलगी जन्मलेलीच नव्हती. हॅलन आडनावाचं कोणीच नव्हतं.

"नसेल सापडत, तर सोडून दे," मी पहिल्या दिवशीच शहाणपणा केला.

बेरील उठली आणि कपाटातून एक पातळ पुस्तिका घेऊन आली. तिच्या मामेभावाने, केव्हिनने, घराण्याचा इतिहास छापला होता. हॅनाच्या नावापुढे त्याने दोन शब्द टाकले होते: 'खोटं नाव'.

"माझ्या आईला तिच्या काकवा यावरून बोलायच्या," बेरील म्हणाली. "तिने कधी कप फोडला आणि नाही म्हणाली, की लगेच, हॅनाचं रक्त, खोटंच बोलणार. आई जाईपर्यंत ते ऐकून घेत होती. आता केव्हिन पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतोय. मला ते दोन शब्द खोडायचेत. आणि माझे डोळे मला किती वेळ देतील ते डॉक्टरही सांगत नाही."

मी छाती पुढे काढली. मी डेटाबेसवाला माणूस. आयुष्यभर लाखो नावांतून एक नाव काढून देतो, त्याचाच पगार घेतो. "बेरील, मला एक वीकेंड दे," मी म्हणालो.

तिने माझ्या कानाकडे बघून गोड हसून घेतलं.

एका वीकेंडची दोन वर्षं झाली. स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार जुळणारी नावं शोधणारा एक प्रोग्राम मी लिहिला. हॅलन, हेलन, हॉलिन, हलेन, सगळं त्यात पकडलं जायचं. पंधरा परगण्यांच्या नोंदी मी त्यातून चाळून काढल्या. मेट्रोने ऑफिसला जाताना चाळल्या, मीटिंगमध्ये चाळल्या. एकदा स्क्रीन शेअर करताना आमच्या मॅनेजरला तिमाही आकड्यांऐवजी इंग्लंडातल्या बाप्तिस्म्यांची यादी दाखवली. तो म्हणाला, "नो वरीज, मेट, पण यातला आपला क्लायंट कोणता?" हॅना सापडली नाही. मी बेरीलला भारदस्तपणे सांगितलं की नोंद बहुधा नष्ट झाली असावी. ती म्हणाली, "किंवा आपण मूर्ख असू. दुसरं जास्त शक्य आहे."

तिसऱ्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली. आईचं इंग्रजी बेताचं, बेरीलचं मराठी शून्य, तरी दोघींचं जमलं. आई तिला बेरीलबाई म्हणायची आणि बेरील आईला आई म्हणायची, कारण मी म्हणायचो. ती माझ्या आईची आईच शोभली असती, पण हे तिला सांगायचं कोणी?

एका शनिवारी दुपारी आई बेरीलकडे पोहे घेऊन गेली. मी दुभाषा. टेबलावरचा कागद बघून आईने विचारलं, "ही एवढीच पोरगी पुसट का रे?" मी सगळी हकिकत सांगितली. बोट, अधिकारी, खोटं नाव. आईने पेन्सिलीच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"एकोणीस वर्षांची?" ती म्हणाली. "एकटी? आणि समोर साहेब? अरे, ती खोटं कशाला बोलेल? घाबरली असेल बिचारी. घाबरल्यावर माणूस शुद्ध बोलायला जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं णाव."

मी चमकून बघितलं. आई चक्क लाजली होती. चाळीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं. ती लग्न होऊन सांगलीकडच्या खेड्यातून पुण्यात आली तेव्हा 'पानी' म्हणायची, 'लोनी' म्हणायची. नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. मग तिने ठरवलं, आता चुकायचं नाही, आणि जिथे 'न' दिसेल तिथे 'ण' ठोकायला सुरुवात केली. "तुझ्या आजोबांचे साहेब घरी आले होते. मला म्हणाले, सूनबाई, नाव काय तुमचं? मी म्हटलं, माझं णाव णलिणी. सगळे णाश्ता करूण जा. वर्षभर मला घरात णलिणीच म्हणत होते. मी काय खोटं नाव सांगितलं होतं का रे?"

मी हसत हसत बेरीलसाठी भाषांतर करू लागलो. न आणि ण तिला कसे सांगावेत याच विचारात होतो. "म्हणजे बघ, आईच्या गावाकडे एक आवाज म्हणत नाहीत. तो आपण म्हणत नाही याची लाज वाटली की मग माणूस तो नको तिथेही..."

मी थांबलो, कारण बेरीलने हातातला काटा खाली ठेवला होता.

"हॅनाच्या गावाकडे," ती अगदी हळू म्हणाली, "ह म्हणत नाहीत. हॅटला अ‍ॅट म्हणतात. हाउसला आउस. आणि साहेबासमोर उभं केलं की..."

मग मी हॅना हॅलनमधले दोन्ही ह मनातल्या मनात काढून टाकले.

अ‍ॅना अ‍ॅलन.

इथे माझी अब्रू मीच काढतो. माझा तो नामी प्रोग्राम नावाचं पहिलं अक्षर बरोबरच आहे असं गृहीत धरून चालायचा. पहिलं अक्षर कोण चुकवेल? ज्या माणसाचं स्वतःचं नाव एका कागदावर आरपासून आणि दुसऱ्यावर एचपासून सुरू होतं, त्याने हे गृहीत धरलं होतं. दोन वर्षं.

लॅपटॉप उघडला. त्याच गावची नोंदवही. तिथे अ‍ॅलन पोत्याने होते. बरोबर त्या वर्षी: अ‍ॅना, वडील जोब अ‍ॅलन, चांभार. मी ओरडलो. आईने पोह्यांची डिश सावरली. बेरीलने मात्र हात वर केला.

"एक कागद म्हणजे अफवा. जोब अ‍ॅलन दोन असू शकतात. आई कोण लिहिलीय?"

मी वाचलं. "एस्थर."

बेरीलने बोटीच्या यादीची प्रत डोळ्याच्या अगदी कडेला नेली. ती तिला पाठ होती, तरी नेली. हेस्थर. तिसरा ह.

"तीन," ती म्हणाली. "बिचारीने आईलासुद्धा चांगलं नाव द्यायचा प्रयत्न केला गं." आणि आईचा हात धरून रडायला लागली. आईला तिचं इंग्रजी किती कळलं देव जाणे, पण तीही रडत होती.

शाईने मी लिहू का, असं मी विचारलं. बेरील नको म्हणाली. तिने पेन घेतलं आणि कागदाच्या बाजूला खिडकीकडे बघत, नुसत्या अंदाजाने, पेन्सिलीच्या नावावरून शाई फिरवली. अक्षरं चौकटीबाहेर गेली. नाव तिने बदललं नाही, हॅना हॅलनच ठेवलं. फक्त त्याच्यावर आईचं नाव हेस्थर लिहिलं आणि तिन्ही ह भोवती बारीक गोल काढले. "ती खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "ती नीट बोलतेय."

केव्हिनला आम्ही दोन्ही कागदांच्या प्रती पाठवल्या. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, की विचार करतो.

पुढच्या जुलैत बेरील गेली. थंडीची सकाळ होती, कचऱ्याच्या गाडीचा दिवस. तिचा लाल झाकणाचा डबा बाहेर आला नाही, म्हणून मुग्धा बघायला गेली. टेबलावर नवीन कागद पसरलेला होता. त्यावर माझं नाव शाईत, आईचं शाईत, आणि त्याच्यावर एक चौकट, तिच्यात नावाऐवजी पेन्सिलीने लिहिलेलं: 'आईची आई. माहेरचं नाव? विचार तिला.'

मी पुण्याला फोन केला. आईने आठवून बघितलं. म्हणाली, "सगळे तिला वहिनीच म्हणायचे रे. थांब, मामाला विचारते." अजून विचारतेय.

अंत्यविधीला मी बोलावं असं बेरीलने लिहून ठेवलं होतं. सभागृहाच्या दाराशी पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीची चळत होती. मी उभ्या उभ्याच पान उघडलं. हॅनाच्या नावापुढे ते दोन शब्द नव्हते. तिथे होतं: 'जन्मनाव अ‍ॅना अ‍ॅलन'.

सूत्रसंचालन केव्हिनच करत होता. ऐंशीच्या घरातला उंच, वाकलेला माणूस, कडक इस्त्रीचा सूट. माझी पाळी आली तेव्हा त्याने चष्मा लावला, चिठ्ठी जवळ धरली आणि थांबला. शंभर माणसं समोर. त्याचे कान लाल झाले. मला दिसत होतं, या नावाला आपल्याकडून धक्का लागू नये म्हणून तो जीव गोळा करतोय.

"आता बोलतील, बेरीलचे शेजारी," तो म्हणाला, आणि एकेक अक्षर तोलून, पोटातून, "ह-ह-रिशीकेश."

पुढच्या रांगेतून ईरा कुजबुजली, "डॅड, टेल हिम इट्स जस्ट ऋषी."

मी उठलो, त्याच्याशी हात मिळवला, आणि तो ह होता तसाच राहू दिला.