खिळ्यांची बरणी

स्कूटरचं चाक बसलं की मला अजून ती बरणी आठवते. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण नागपूरच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरच्या बाजूला ठाणेदार असताना हाती आलेलं हे पंक्चरचं प्रकरण जसंच्या तसं लक्षात आहे. नाव कुणाचंच देत नाही. माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना तिथेच राहायचं आहे.

मे महिना होता. दवाखान्यातून ठाण्यात मेमो आला की स्कूटरवरून पडलेली एक बाई दाखल आहे, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. बाई विद्यार्थ्यांची खानावळ चालवायची. भाजीच्या पिशव्या घेऊन येताना पुढचं चाक अचानक बसलं आणि ती रस्त्यावर आपटली. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. ती रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, "साहेब, हात कवा बरा होईन ते डॉक्टर पाहीन. पण हा पोया लाटाचा हात हाय. हे कोनं केलं, तेवढं मले सांगा."

खरं सांगायचं तर त्याआधी चार-पाच जण त्याच रस्त्यावरच्या पंक्चरची तक्रार घेऊन ठाण्यात येऊन गेले होते. ठाणे अंमलदाराने त्यांना टायर बदलायचा सल्ला देऊन परत पाठवलं होतं, आणि ते ऐकून मी हसलो होतो. आता गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा हसू आपोआप थांबलं.

घटनास्थळाचा पंचनामा माझ्या हवालदाराने केला. हा मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरातला, बोलायला कमी आणि पाहायला पक्का. त्याने लिहिलं होतं की रस्त्याच्या कडेला डांबरात पत्र्याचं एक धारदार टोक उभं रुतलेलं मिळालं, ते पक्कडीने ओढून काढावं लागलं. मी ते वाचलं, सही केली आणि विसरलो. नंतर याच ओळीवर सगळं येऊन थांबणार होतं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. त्या रस्त्यावरच्या पानठेल्यावाल्याने आमच्या बीटच्या शिपायाच्या कानात सांगितलं, की पंक्चर कोण करतो ते शोधू नका, पंक्चरवर कोण मोठा होऊन राहिला ते पाहा. पानठेल्यावर बसून माणूस अर्धा पोलीस होतो, हा माझा अनुभव आहे.

मोठा झालेला माणूस शोधायला लागलाच नाही. चौकापासून थोडं पुढे एका सव्वीस वर्षांच्या पोराचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे लाकडी टपरी होती, हातपंप आणि पाण्याचं घमेलं. आता पक्का गाळा, कंप्रेसर, ट्यूबलेस टायरचं यंत्र, हाताखाली दोन कारागीर आणि रंगीत पाटी. रामटेकची सोयरीक जमली होती, साखरपुडाही झाला होता. नुसत्या पंक्चरवर एवढं कसं होतं, असं कुणीही विचारलं असतं.

मी सरळ अंदाज बांधला की रस्त्यावर खिळे टाकणारा अंधारातच टाकणार. म्हणून पाच रात्री साध्या कपड्यांत माणसं बसवली. त्यांनी डास मारले, दुसरं काही हाती लागलं नाही. आणि सहाव्या दिवशी दुपार उलटल्यावर त्याच पट्ट्यात आणखी दोन गाड्या बसल्या.

मग मी दुकानाचीच झडती घ्यायचं ठरवलं. दोन पंच घेतले आणि गेलो. देवाच्या फोटोखाली फळीवर लोणच्याची मोठी काचेची बरणी होती, तिला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. बरणीत गळ्यापर्यंत खिळे. आमचा शिपाई खुशीत आला आणि म्हणाला की साहेब, मुद्देमाल आयताच सापडला. मला मात्र तिथेच शंका आली. चोर चोरीचा माल लपवतो, त्याला हार घालत नाही.

तरी बरणी जप्त करून ठाण्यात आणली आणि पोराला चौकशीला बोलावलं. तो आपल्याच मोटरसायकलने आला. हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. निर्दोष माणूस पहिल्यांदा ठाण्यात येतो तेव्हा जरा जास्तच नीटनेटका होऊन येतो, हेही मी पाहिलेलं आहे. चहा दिला, तो प्यायला. बरणीबद्दल विचारलं तर त्याने अभिमानाने सांगितलं. चाकातून काढलेला खिळा गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो, नाहीतर त्याला वाटतं यानेच ट्यूब फोडली. दाखवून झाल्यावर तो खिळा हा फेकत नसे, बरणीत टाकत असे. दसऱ्याला हत्यारांबरोबर त्या बरणीचीही पूजा करायचा.

"हे माही लक्ष्मी हाय, साहेब," तो म्हणाला. "लोक म्हनतात जागा पावली. जागा नाही पावली. हात पावले. आईची आन घेऊन सांगतो, मी कधी एक टाचनीबी नाही फेकली."

मी बरणी वर्तमानपत्रावर रिकामी केली. खिळे, स्क्रू, काचा, तारांचे तुकडे. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त होत्या त्या पोलादाच्या पातळ, अरुंद पट्ट्या. बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लांब, एक टोक तिरपं कापलेलं. डांबरातून निघालेलं टोक त्यांच्याशेजारी ठेवलं, ते त्यांच्यातलंच होतं. हे काय, विचारलं तर तो म्हणाला की पत्रा आहे, जवळ बांधकामं चालू आहेत, उन्हाळ्यात असा पत्रा फार निघतो.

हवालदार माझ्या खुर्चीमागे उभा होता. तो पुढे आला, एक पट्टी उचलून त्याने उजेडात धरली.

"साहेब, पत्रा नाही हा," तो म्हणाला. "फनीची पात हाय. हातमागावरची."

मला माग कळत नाही, म्हणून त्याने समजावून सांगितलं. मागावर कंगव्यासारखी एक चौकट असते, ती फणी. तिच्यात अशा शेकडो पाती उभ्या बसवलेल्या असतात, दोन पातींमधून ताण्याचा उभा धागा जातो, आणि विणकर प्रत्येक आडव्या धाग्यामागे फणी आपल्याकडे ओढून ठोकतो. "हात फिरवून पाहा. किती गुयगुयीत झाली. वीस वर्सं सूत घासलं असन हिच्यावर."

पोराने हात पुढे केला. हवालदाराने पात त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग चहाचा ग्लास टेबलावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यात त्या वेळी जे झालं ते मी चौतीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिलं. पंख्याने वर्तमानपत्राचा कोपरा उडत होता, तो त्याने हाताने दाबून धरला.

"साहेब, मीच टाकल्या," तो म्हणाला.

अर्ध्या तासापूर्वी आईची शपथ घेणारा माणूस आता स्वतःहून कबुली देत होता. पोलिसांसमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही हे सोडा, मलाच ती पटेना. कशा टाकल्या, विचारलं. म्हणाला, रात्री मूठभर घ्यायचो आणि फेकायचो. आणि तेव्हा मला पंचनाम्यातली ती ओळ आठवली. फेकलेली पात रस्त्यावर आडवी पडते. ही तर डांबरात उभी रुतलेली होती, पक्कडीशिवाय निघाली नव्हती. रात्री डांबर दगडासारखं असतं, त्यात पात रुतवायला गेलं तर बोट कापेल. नागपूरचं डांबर मऊ होतं ते मे महिन्याच्या दुपारी. आणि त्याच वेळी सगळं शहर कूलरसमोर आडवं झालेलं असतं, रस्त्यावर कुत्रंही नसतं. लहानपणी आम्ही त्या डांबराच्या गोळ्या करून खेळलो आहोत. तरी मी पाच रात्री माणसं डासांना खायला घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पात हातात घेताच पोराने ती ओळखली होती, म्हणजे फणी त्याच्याच घरातली होती. तो घरातल्या कुणाला तरी पाठीशी घालत होता आणि कुणाला, ते विचारण्याची गरज उरली नव्हती. त्याला फोनशिवाय ठाणे अंमलदाराजवळ बसवलं. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास हवालदार आणि मी त्याच रस्त्यावरच्या एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर जाऊन उभे राहिलो.

डोक्याला दुपट्टा, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, असा एक म्हातारा आला. चप्पल नीट करायला बसावं तसा कडेला बसला. चिंधीत धरून काहीतरी डांबरात दाबलं, उठला, दहा पावलं चालला, पुन्हा बसला. आम्ही पुढे झालो तर तो पळाला नाही. पिशवीतल्या पाती स्वतःच काढून दिल्या आणि एकच विचारलं.

"पोराले मालूम पडलं काय?"

मी हो म्हणालो. तो त्या तापलेल्या रस्त्यावरच खाली बसला. आम्हाला त्याला धरून उठवावं लागलं.

ठाण्यात त्याने काही लपवलं नाही. आयुष्यभर मागावर बसला. माग बंद पडला तेव्हा पोरगा इतका लहान होता की त्याला तो चालताना आठवतही नसावा. लाकूड विकलं गेलं, फणी तेवढी भिंतीवर राहिली. मग रात्रपाळीची चौकीदारी धरली, म्हणून दुपार मोकळी असायची. पोराच्या टपरीवर पहिले काही महिने कुणी फिरकत नव्हतं.

"एक दिवस मले म्हने," म्हातारा सांगत होता, "लोकायचे बाप पोरायले धंदा टाकून देतात, प्लॉट देतात. तुमी मले काय देल्लं? मी काय सांगू त्याले? माह्यापाशी फनीच होती, साहेब. तेच देल्ली."

मला त्याची दया आली हे खरं आहे. पण मनगट मोडलेली बाईही मी पाहिली होती. विचारलं, बाई पडली हे माहीत होतं का? त्याने मान खाली घातली. माहीत होतं. चार दिवस तो गेला नव्हता. मग दुकानावरून जाताना पोरगा रिकामा बसलेला दिसला, आणि पाचव्या दिवशी त्याने पुन्हा पिशवी उचलली. हे ऐकून माझी दया आटली नाही, पण पेन हातात घेऊन मी पुढचं लिहायला लागलो.

बापलेकांची गाठ व्हरांड्यात पडली. मी मुद्दाम लांब उभा राहिलो. पोरगा ओरडेल असं वाटलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "बाबा, मले वाटे, मी माह्या हातानं मोठा झालो."

दोषारोपपत्र मुदतीत गेलं. म्हाताऱ्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्याला काही महिन्यांची कैद झाली. दवाखान्यात त्या बाईने मागितलं होतं तेवढं मी तिला जाऊन सांगितलं. ती डाव्या हाताने पोळी लाटायचा सराव करत होती, पोळी नकाशासारखी होत होती. सगळं ऐकून म्हणाली, "बाप होता म्हनता? मंग पोराचं नाव नका घेऊ कुठी." म्हणून मी आजही घेत नाही. रामटेकची मंडळीही ठाण्यात येऊन मला विचारून गेली. पोरगा स्वच्छ आहे, एवढं मी सांगितलं. लग्न उशिरा झालं, पण झालं. बरणी न्यायालयाच्या मुद्देमालात गेली. निकालानंतर ती परत मागायला कुणी आलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्याच भागात घर बांधलं. गेल्या उन्हाळ्यात दुपारी बँकेतून येताना माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसलं. ढकलत ढकलत गेलो तर त्याच दुकानाशी पोचलो. रंगीत पाटी नव्हती, कारागीर नव्हते, गाळा अर्धा करून दुसऱ्या कुणाला दिलेला होता. तो एकटाच होता. मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं. बाबा कुठे आहेत, मी विचारलं. त्याने हनुवटीने रस्ता दाखवला.

समोर उन्हात म्हातारा चालत होता. डोक्याला दुपट्टा, हातात काठी, काठीच्या टोकाला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक बांधलेला. रस्त्याच्या कडेने तो चुंबक फिरवत होता, थांबत होता, टोकाला चिकटलेलं काढून पिशवीत टाकत होता. सुटून आल्यापासून रोज दुपारी जातात, असं पोराने सांगितलं. "मी नाही सांगतलं, साहेब. नका जाऊ म्हनलं तं आयकत नाहीत."

त्याने चाक उघडलं. पक्कडीने आतलं काहीतरी ओढून काढलं आणि लगेच मला दाखवलं नाही. उजेडात धरलं, अंगठा फिरवला, उलटं करून पुन्हा पाहिलं. मग माझ्या तळहातावर ठेवलं.

"साधा खिया हाय, साहेब," तो म्हणाला.

तो खिळा मी घरी आणला. या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात, तेव्हा मी डांबराची आणि पंचनाम्यातल्या ओळीची गोष्ट सांगतो. ती खरीच आहे. पण आज दुसरीही सांगतो. माझ्या मुलाला पहिली नोकरी लागली त्याच्या आदल्या आठवड्यात मी एका ओळखीच्या माणसाला एक फोन केला होता. दोन मिनिटांचा. त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा हक्क होता का, मी कधी विचारलं नाही. मुलगा हुशार आहे, पुढे सगळं त्याने स्वतः मिळवलं. दिवाळीला येतो तेव्हा चारचौघांत सांगतो, की बाबा पोलिसात असून मला कधी कुणाचा वशिला लागला नाही. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहतात.

खिळा माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही.